सासूबाईंना ताटातला केस दिसतो पण गेटमधली स्कूटर दिसत नाही, असं कसं?

ताई, आधी सरळ उत्तर देते. सासूबाई नाटक करत नाहीयेत.

तुम्ही लिहिलंय की त्या ताटातला केस उचलून दाखवतात, टीव्हीवरची खालची बातम्यांची पट्टी वाचतात, आणि तरी गेटमध्ये लावलेल्या स्कूटरला आठवड्यातून दोनदा धडकतात, दिव्यांग सर्टिफिकेटवर ६० टक्के लिहून आलंय, आणि आता शेजारीपाजारी (आणि घरातलेसुद्धा, तुम्ही लिहिलं नाहीत तरी कळतं) म्हणायला लागलेत की यांना सोयीनं दिसतं. रिपोर्टमध्ये उजवा डोळा पीएल निगेटिव्ह (म्हणजे उजेडही कळत नाही), डावा ६/९ (म्हणजे लांबचं जवळपास चांगलं), फील्ड म्हणजे नजरेची रुंदी चाळीस डिग्रीच्या आत पण विसाच्या वर, निदान काचबिंदू. एवढं वाचलं की केस का दिसतो आणि स्कूटर का दिसत नाही दोन्ही कळतं. मी इंदूरात बरीच वर्षं लो व्हिजनचं काम करते, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सर्जन नाही, म्हणजे माझ्याकडे लोक येतात ते ऑपरेशन, लेझर, ड्रॉप सगळं होऊन गेल्यावर, उरलेल्या नजरेचं काय करायचं ते विचारायला. आणि बहुतेक घरांत हाच वाद असतो की यांना दिसतं की दिसत नाही. असं विचारलं की भांडणच होणार. किती लांबचं दिसतं, किती रुंद दिसतं, कुठल्या उजेडात दिसतं आणि बिघाड नेमका कुठे आहे, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि माणूस एकात पास आणि दुसऱ्यात साफ नापास असू शकतो.

लांबचं मोजायला तो अक्षरांचा तक्ता, १८६२ साली स्नेलन नावाच्या डच डॉक्टरनं काढलेला, अजून तोच चालतो. ६/६० म्हणजे चांगला डोळा जे अक्षर ६० मीटरवरून ओळखेल ते या माणसाला ६ मीटरवर यावं लागतं तेव्हा कळतं. तेही नाही जमलं तर आम्ही पेशंटला पुढे आणतो, ३ मीटरवरून वाचलं तर ३/६०, एक मीटरवरून वाचलं तर १/६०. तिथेही नाही तर बोटं मोजायला लावतो, मग हात हलतोय का विचारतो, मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारून उजेड कळतो का ते बघतो, त्याला पीएल म्हणतात, आणि उजेड कुठल्या बाजूनं येतोय तेही सांगितलं तर पीआर. हे पीआर फार कामाचं असतं, कारण मोतीबिंदू अगदी पांढराफट पिकलेला असेल आणि डोळ्यातला मागचा पडदा दिसतच नसेल, तेव्हा टॉर्चची दिशा बरोबर सांगणाऱ्या माणसाचा पडदा आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस बहुतेक शाबूत असते, ऑपरेशनचा फायदा होईल अशी आशा असते. उजेडही कळला नाही तर पीएल निगेटिव्ह. खरा पूर्ण अंधार असलेली माणसं फार थोडी असतात, कागदावर अंध असलेल्या बहुतेकांना काही ना काही दिसतं, खिडकी कुठे आहे ते कळतं, माणसाची आकृती कळते, आणि म्हणूनच पांढरी काठी घेतलेला माणूस मोबाइलमध्ये बघताना दिसला की लोकांना वाटतं फसवतोय.

आता रुंदी, म्हणजे फील्ड. तुमच्या सासूबाईंचा घोळ इथे आहे. काचबिंदूत नस बाजूबाजूनं मरत जाते आणि मधली नजर बहुतेकांत शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे तक्त्यावर ६/९ वाचतात, केस दिसतो, पट्टी वाचतात, पण पायाशी आणि बाजूला काय आहे त्याची खबरच लागत नाही. लोक म्हणतात फुंकणीतून बघितल्यासारखं. ते ठीक आहे, पण फुंकणीतून बघताना आपल्याला कडेचं काळं दिसतं, आणि काचबिंदूवाल्याला तसं काळं काही दिसत नाही. मेंदू ती रिकामी जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो, फरशी सलग दिसते, गेट मोकळं दिसतं, फक्त स्कूटर त्यातून गायब असते. म्हणून तर इतकी वर्षं पेशंटलाच कळत नाही की नजर चाललीये, आणि कळतं तेव्हा एक डोळा गेलेला असतो. आपल्याकडे हिंदीत याला काला मोतिया म्हणतात आणि मोतीबिंदूला सफेद मोतिया, त्या गडबडीत कितीतरी म्हातारी माणसं 'मोतिया आहे, पिकला की ऑपरेशन करू' म्हणून काचबिंदू घेऊन घरी बसलेली असतात. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं येते, काचबिंदूनं गेलेली येत नाही, ड्रॉपनं फक्त उरलेली वाचते. त्यामुळे 'ड्रॉप घालून काही फरकच पडत नाही' म्हणून सासूबाईंनी बंद केले असतील तर आजच परत चालू करायला लावा, फरक न पडणं हाच त्या औषधाचा फायदा आहे. दोन प्रकारचे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं, थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं. आणि दमा असेल तर डॉक्टरला जरूर सांगा, यातल्या काही ड्रॉपांनी दमा उसळतो.

६० टक्क्यांचं गणित सांगते कारण यात लोकांची फार गफलत होते. ६० टक्के म्हणजे ४० टक्के दिसतं असं नाहीये! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अंध म्हणजे चष्मा वगैरे लावूनसुद्धा चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी, किंवा फील्ड १० डिग्रीच्या आत. त्याच्या वरचा पट्टा, ६/१८ पासून खाली ३/६० पर्यंत किंवा फील्ड ४० पासून १० डिग्रीपर्यंत, तो लो व्हिजन. मग सरकारी तक्त्यात चांगला डोळा एका बाजूला आणि वाईट डोळा दुसऱ्या बाजूला धरून आकडा काढतात. एक डोळा चांगला आणि दुसरा पूर्ण गेलेला, तर ३० टक्के, आणि सवलती बहुतेक सगळ्या ४० पासून सुरू होतात त्यामुळे एका डोळ्याची माणसं मेडिकल बोर्डातून नाराज होऊन परत येतात. सासूबाईंचा चांगला डोळा फील्डमुळे ४० ते २० डिग्रीच्या खान्यात आणि दुसरा शून्य, म्हणजे ६०. आकडा बरोबरच आहे. आणि त्या कायद्यानं अंध नाहीतच, लो व्हिजन आहेत, तेव्हा शेजाऱ्यांचं 'साठ टक्के आंधळ्या' हे पण चुकलं आणि 'नाटक' हे पण. नुसत्या मोठ्या नंबरच्या चष्म्यावर सर्टिफिकेट मिळत नाही हेही सांगून ठेवते, कारण मायनस बारावाले मुलांना घेऊन येतात आणि चष्मा लावून पोरगं ६/९ वाचतं.

एक अजून, आपल्या देशात पूर्वी ६/६० च्या खाली गेलं की अंध मोजायचे, २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसारखं ३/६० केलं. त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून 'अंधत्व किती कमी झालं' असं कोणी सांगितलं तर व्याख्या कुठली धरली ते आधी विचारावं.

आता कारणं. डोळ्याच्या समोरून मागे जात सांगते, म्हणजे काय परत येतं आणि काय नाही ते आपोआप कळेल.

सगळ्यात पुढे बुबुळ, ते काचेसारखं असतं. त्यावर जखम भरून पांढरा डाग राहिला की आपले लोक म्हणतात फूल पडलं. पन्नाशीच्या आतल्या लोकांत आपल्याकडे अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण हेच आहे आणि यातलं निम्मं तरी टाळता येतं असं माझं मत. माळव्यात सोयाबीन आणि गहू काढायच्या दिवसांत डोळ्याला काड लागलेले शेतकरी येतात, काडाबरोबर बुरशी आत जाते, आणि मेडिकलवाल्यानं लाली उतरायला स्टेरॉइडचा ड्रॉप दिलेला असतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुबुळ सडतं. पान खाणाऱ्या घरांत चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरं दाबतात ती फुटून डोळ्यात जाते. चुना आम्लापेक्षा वाईट, तो आत आत शिरत जातो. अशा वेळी डॉक्टर शोधायच्या आधी नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं धुवायचा, पापणीखालचे कण निघेपर्यंत, मग पळायचं. २०२५ च्या दिवाळीत आपल्या एमपीत ती पाइपाची कार्बाइड गन निघाली होती ना, कार्बाइडवर पाणी टाकून गॅस करायचा आणि लायटरनं बार काढायचा, बार निघाला नाही म्हणून मुलं पाइपात डोकावली आणि कितीतरी जणांचे डोळे भाजले. गौतमपुऱ्याला दारू भरलेली हिंगोट फळं पेटवून एकमेकांवर फेकतात त्या हिंगोट युद्धाबद्दल मी काही बोलत नाही, तिथे लोकांच्या भावना आहेत, पण बघायला जाणार असाल तर निदान मुलांना पुढे उभं करू नका. फुलाला उपाय म्हणजे नेत्रदानातलं बुबुळ, सहा तासांच्या आत काढावं लागतं, चष्मा असलेला, शुगरवाला, मोतीबिंदू झालेला, सगळ्यांचं चालतं. पण बसवतात ते फक्त बुबुळ. अख्खा डोळा बदलून नजर आणता येत नाही, म्हणून 'आमच्या आईला माझा एक डोळा द्या' म्हणणाऱ्या मुलाला काचबिंदूत मदत करता येत नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

त्याच्या मागे भिंग, म्हणजे मोतीबिंदू. २०१५ ते १९ चा देशपातळीचा सर्व्हे झाला त्यात पन्नाशीच्या वरच्या अंधत्वात याचा वाटा ६६ टक्क्यांच्या आसपास निघाला, म्हणजे तीनातले दोन अंध असे की ज्यांना एका छोट्या ऑपरेशननं दिसू शकतं. पिकू द्यायची गरज आता राहिली नाही, उलट फार पिकला की फुगून किंवा विरघळून डोळ्याचं टेन्शन (आतला दाब) वाढतं, डोळा प्रचंड दुखतो आणि मग नससुद्धा जाते. ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी परत धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला असं नसतं, लेन्सच्या मागची झिल्ली पांढरी होते, लेझरनं काही मिनिटांत साफ होते. हे माहीत नसल्यामुळे 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणून घरी बसलेल्या आज्या मला अजून भेटतात.

मग पडदा. इथे शुगरचा विषय, आणि सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली असं ज्या गावाचं वेळापत्रक आहे तिथे तो टाळता येत नाही. शुगरमध्ये पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, फुटतात, आणि नजर ६/६ असतानाच हे सगळं चालू असतं. 'मला तर स्वच्छ दिसतंय' हे पडदा ठीक असल्याचं सर्टिफिकेट नाही. टाइप टू शुगर कळली त्याच महिन्यात बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा आणि मग दर वर्षी. वेळेत लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन मिळालं तर बरंच वाचतं.

वयानं पडद्याचा मधला भाग झिजतो तो प्रकार तुमच्या सासूबाईंच्या बरोबर उलटा. असे काका राजवाड्याच्या गर्दीतून कोणाला न धडकता चालत जातात, पण समोर आलेल्या भाच्याचा चेहरा ओळखत नाहीत, आणि मग सानंदच्या (ही इथली मराठी संस्था) नाटकाला भेटलेले लोक म्हणतात की हल्ली फार भाव खातात, ओळखसुद्धा देत नाहीत! बिचाऱ्यांना आवाज ऐकेपर्यंत कोण आहे ते कळत नाही. यांना भेटलात की आधी नाव सांगा. 'ओळखा पाहू मी कोण' हा खेळ तर अजिबात नको. या आजाराचा एक प्रकार वेगानं वाढतो आणि त्यावर इंजेक्शन आहे, म्हणून एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघायची सवय ठेवावी, सरळ गज वाकडे दिसले तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

तरुणपणी रात्रीचं दिसेनासं होतं आणि मग फील्ड आवळत जातं तो आजार आनुवंशिक, आतेमामे भावंडांची लग्नं झालेल्या घरांत जास्त दिसतो. दिवसा क्रिकेट खेळणारा मुलगा लाइट गेल्यावर भिंत चाचपतो तेव्हा घरचे म्हणतात घाबरट आहे. लहान मुलांचा रातांधळेपणा वेगळा, तो अ जीवनसत्त्वाचा, डोसनं बरा होतो, पण दुर्लक्ष केलं तर बुबुळच वितळतं. म्हणून नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जे पाजतात ते चुकवू नका.

मुलांचं आणखी तीन ओळीत. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर तीस दिवसांच्या आत पडदा तपासून घ्यायचाच, डिस्चार्जच्या गडबडीत राहून जातं आणि नंतर काही करता येत नाही. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक दिसली तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे, ती गाठ असू शकते. आणि तिरळेपणा 'मोठा झाला की जाईल' म्हणून सोडू नका, तो डोळा मेंदू वापरणंच बंद करतो, सात-आठ वर्षांनंतर पट्टी लावून फारसं परत येत नाही.

सगळ्यात मागे नस आणि मेंदू. विषारी दारूतल्या मिथेनॉलनं एका रात्रीत दोन्ही नसा जातात. पॅरॅलिसिसच्या झटक्यात दोन्ही डोळ्यांची उजवी किंवा डावी अर्धी बाजू जाते, डोळे मात्र ठणठणीत, असा माणूस ताटातली अर्धीच भाजी खातो आणि भाजी वाढली नाही म्हणून सुनेवर चिडतो. जन्मताना न रडलेल्या काही मुलांचंही मेंदूमुळे असंच, डोळे तपासून नॉर्मल निघतात आणि मूल बघत नाही. अशा मुलाला कधी दिसतं कधी नाही, थकलं की दिसत नाही, घोळक्यात दिसत नाही, आणि शाळा म्हणते लक्ष देत नाही.

अचानक जाणारी नजर मात्र वेगळ्या खात्यात टाका. पडदा खाली आल्यासारखं, एकदम विजा चमकल्यासारखं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा दुखल्याशिवाय एक डोळा बंद, यात उद्या-परवा नाही, त्याच दिवशी जायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगते, कारण नजर खूप गेलेल्या म्हाताऱ्यांत ही होते आणि लाजेनं कोणी बोलत नाही. खोलीत माणसं बसलेली दिसतात, फुलांच्या वेली, नक्षी, छोटी मुलं. आवाज नसतो, भीती नसते, आणि ते खरं नाही हे आजींना स्वतःलाच माहीत असतं. हे वेड नाही आणि बाहेरची बाधा तर नाहीच, डोळ्याकडून काही येत नाही म्हणून मेंदू स्वतःच चित्रं काढतो, शार्ल बोने नावाच्या माणसानं १७६० मध्येच आपल्या आजोबांचं लिहून ठेवलंय. डॉक्टरला सांगा पण घाबरू नका, आणि मांत्रिकाला तर अजिबात पैसे देऊ नका.

आता सासूबाईंसाठी घरात काय करायचं ते. स्कूटर एकतर बाहेर किंवा रोज एकाच जागी, जागा बदलायची नाही. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, अर्धवट उघड्या दाराची कड यांना दिसतच नाही, कपाळाच्या खोका तिथूनच पडतात. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. उन्हातून घरात आल्यावर मिनिटभर उंबऱ्याशीच थांबायचं, काचबिंदूत उजेड-अंधाराशी जुळायला वेळ लागतो. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात हरवतो, गडद रंगाचं ताट घ्या. चालताना नजर नव्हे तर मान फिरवून उजवी-डावी-खाली असं बघायची सवय लावावी लागते, ते कुठल्याही लो व्हिजन क्लिनिकमध्ये शिकवतात, वय झालं म्हणून जमत नाही असं काही नाही. बाहेर जाताना तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला राहा, तो डोळा गेलाय, आणि त्यांचा दंड पकडून ढकलू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या. बोलायला मात्र डाव्या बाजूनं या. पांढरी काठी घ्यायला त्या नाही म्हणतील, सगळेच म्हणतात, पण रस्त्यावर ती समोरच्या गाडीवाल्याला सांगण्यासाठी असते, निदान संध्याकाळनंतर तरी घ्यावी. जिना उतरताना लांबचा-जवळचा एकत्र असलेला (बायफोकल) चष्मा असेल तर खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते, चालायला फक्त लांबचा वेगळा करून घ्या.

आणि तुमच्या मिस्टरांचं, नणंदांचं, सासूबाईंच्या सख्ख्या भावंडांचं वय चाळीसच्या वर असेल तर सगळ्यांचे डोळे काचबिंदूसाठी दाखवून घ्या. नुसतं टेन्शन मोजून 'नॉर्मल आहे, जा' म्हटलं तर परत विचारा, कारण टेन्शन नॉर्मल असूनही नस मरणारा प्रकार असतो, नस बघायला हवी आणि फील्ड काढायला हवं. सासूबाईंच्या पुढच्या तपासणीला जाताना फील्डचे जुने प्रिंट सगळे घेऊन जा, मोबाइलमधले तिरके फोटो नकोत, कारण नजर किती वेगानं कमी होतेय ते आजच्या एका चार्टवरून कळत नाही, आधीचे शेजारी ठेवूनच ड्रॉप वाढवायचे की ऑपरेशन करायचं ते ठरतं.